मेंदूच्या इजेनंतरचा दृष्टिलोप आणि पुनर्वसन : स्वरूप, पद्धती व मर्यादा

सारांश

डोळा निरोगी असूनही मेंदूला झालेल्या इजेमुळे दृष्टीचा मोठा भाग नाहीसा होऊ शकतो. समपार्श्व अर्धांधता हे या दृष्टिलोपाचे सर्वांत ठळक रूप होय. प्रस्तुत लेखात या दोषाचे शरीरशास्त्रीय स्वरूप, त्याच्या अभ्यासाचा इतिहास, निदानातील अडचणी आणि पुनर्वसनाचे तीन मार्ग यांचा परामर्श घेतला आहे. भरपाईचे प्रशिक्षण, प्रकाशीय साधने आणि गमावलेले क्षेत्र परत मिळविण्याचे प्रयत्न असे हे तीन मार्ग आहेत. उपलब्ध पुराव्यांवरून उरलेल्या दृष्टीचा पद्धतशीर वापर शिकविणारे प्रशिक्षण आज अधिक विश्वसनीय ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे. वाचनावर होणारे परिणाम आणि महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : समपार्श्व अर्धांधता, दृष्टिक्षेत्र, एकपार्श्व दुर्लक्ष, मेंदूची लवचीकता, पुनर्वसन, वाचनदोष.

प्रस्तावना

दृष्टी म्हणजे डोळा, हे समीकरण समाजात इतके रूढ आहे की दृष्टीची तक्रार उद्भवताच चष्मा, मोतीबिंदू किंवा काचबिंदू यांचाच विचार प्रथम केला जातो. वस्तुतः डोळा हे दृष्टीचे प्रवेशद्वार आहे. पाहण्याची क्रिया पूर्ण होते ती मेंदूत. पक्षाघात, अपघातातील डोक्याची इजा, मेंदूतील गाठ किंवा तिच्यावरील शस्त्रक्रिया यांमुळे मेंदूतील दृष्टिमार्ग खंडित झाल्यास दोन्ही डोळे निर्दोष असूनही माणसाला जगाचा अर्धा भाग दिसेनासा होतो.

अशा रुग्णाची व्यथा दुहेरी असते. एकीकडे तो दारांच्या चौकटींवर आदळतो, रस्ता ओलांडताना एका बाजूने येणारे वाहन त्याला दिसत नाही, वाचताना ओळ हरवते. दुसरीकडे नेत्रतपासणीत तो तक्त्यावरील शेवटची ओळ वाचून दाखवितो आणि ‘डोळे उत्तम आहेत’ असा निर्वाळा घेऊन घरी परततो. हात किंवा पाय लुळा पडला असता कुटुंबीयांच्या ते तत्काळ लक्षात येते व व्यायामोपचार सुरू होतात. दृष्टीचे अर्धांग मात्र कोणास दिसत नाही. परिणामी रुग्णावर धांदरटपणाचा, आळसाचा किंवा मानसिक दुर्बलतेचा आरोप होतो आणि पुनर्वसनासाठी सर्वाधिक मोलाचे असलेले सुरुवातीचे महिने वाया जातात.

या विषयाला दुसरीही एक बाजू आहे. ‘गेलेली दृष्टी परत आणून देऊ’ असे आश्वासन देणाऱ्या उपचारपद्धती गेल्या पाव शतकात पुढे आल्या. त्यांपैकी कोणत्या पद्धतीस कितपत आधार आहे, हे समजून घेणे रुग्णाच्या आशेच्या व त्याच्या पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दृष्टिमार्गाची रचना

दोन्ही डोळ्यांतील दृष्टिपटलांवरून निघणारे चेतातंतू मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. तेथे प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडील अर्ध्या भागातून आलेले तंतू बाजू बदलतात, तर कानाकडील अर्ध्या भागातून आलेले तंतू आपल्याच बाजूस राहतात. या व्यत्यासामुळे समोरच्या दृश्याच्या डाव्या अर्ध्या भागाची माहिती, ती कोणत्याही डोळ्याने टिपलेली असो, मेंदूच्या उजव्या अर्धगोलात पोहोचते. उजव्या भागाची माहिती डाव्या अर्धगोलात जाते. पुढे ही माहिती मेंदूच्या अंतर्भागातील एका केंद्रामधून पश्च खंडातील प्राथमिक दृष्टिबाह्यकापर्यंत, म्हणजे डोक्याच्या मागील भागापर्यंत, पोहोचते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. व्यत्यासाच्या अलीकडे इजा झाल्यास एका डोळ्याची दृष्टी बाधित होते. व्यत्यासाच्या पलीकडे, म्हणजे मेंदूत, इजा झाल्यास दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा एकाच बाजूचा भाग जातो. यासच समपार्श्व अर्धांधता म्हणतात. म्हणून ‘माझा डावा डोळा गेला’ असे सांगणाऱ्या रुग्णाचा डावा डोळा प्रत्यक्षात शाबूत असू शकतो. एक एक डोळा झाकून पाहिल्यास दोन्ही डोळ्यांनी डावीकडचेच दिसत नाही, असे आढळते.

न दिसणारा हा भाग काळा पडदा ओढल्यासारखा भासत नाही. आपल्या पाठीमागचे जसे आपणांस ‘काळे’ दिसत नाही, तेथे काही नसतेच, तसाच अनुभव या रुग्णांना येतो. त्यामुळे आपले काही हरवले आहे याची जाणीव अनेकांना उशिरा होते.

अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९०४ अर्धांधतांचा आढावा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ७० टक्के प्रकरणांमागे पक्षाघात, सुमारे १४ टक्के प्रकरणांमागे आघात व सुमारे ११ टक्के प्रकरणांमागे मेंदूतील गाठ हे कारण आढळले. डोक्याच्या इजेनंतर अर्धांधतेखेरीज दुहेरी दिसणे, जवळ पाहताना दोन्ही डोळे एकत्र न वळणे, प्रकाश असह्य होणे अशाही तक्रारी उद्भवतात. त्यांचे उपचार वेगळे असल्याने प्रस्तुत लेखाचा भर अर्धांधतेवर ठेवला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मेंदूतील दृष्टीचा नकाशा प्रामुख्याने युद्धातील जखमींच्या तपासणीतून तयार झाला, हे या शास्त्राचे करुण वैशिष्ट्य आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात वापरल्या गेलेल्या लहान व्यासाच्या वेगवान गोळ्या कवटीच्या आरपार जात आणि तरीही काही सैनिक जिवंत राहत. तात्सुजी इनोये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे अशा सैनिकांची दृष्टिहानी निश्चित करण्याचे काम होते. कारण त्यावर त्यांचे निवृत्तिवेतन अवलंबून होते. गोळी आत शिरल्याची व बाहेर पडल्याची जागा मोजून तिचा मेंदूतील मार्ग काढण्यासाठी त्याने एक उपकरण तयार केले आणि २९ सैनिकांच्या तपासणीवरून दृष्टिबाह्यकाचा नकाशा मांडला. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्यातून असे दिसून आले की, दृष्टिक्षेत्राच्या मध्यवर्ती लहानशा भागासाठी मेंदूत फार मोठी जागा राखलेली असते.

पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स व विल्यम लिस्टर यांनी फ्रान्समधील युद्ध रुग्णालयांत ब्रिटिश सैनिकांची तपासणी करून १९१६ मध्ये हा नकाशा अधिक नेमका केला. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, जॉर्ज रिडॉक यांनी एक वेगळे निरीक्षण नोंदविले. काही सैनिकांना अंध ठरलेल्या क्षेत्रात स्थिर वस्तू दिसत नसे, परंतु वस्तू हलताच तेथे काही तरी हालचाल झाल्याची जाणीव होई. होम्स यांनी हे मत स्वीकारले नाही. अंध क्षेत्र पूर्णतः मृत असते की तेथे काही क्षमता शिल्लक असते, या आजही चालू असलेल्या वादाचा हा आरंभ होय.

१९७४ मध्ये लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला नवे वळण दिले. शस्त्रक्रियेत उजव्या पश्च खंडाचा काही भाग काढून टाकलेला एक रुग्ण डावीकडचे काहीही दिसत नाही असे सांगत असे. तरीही ‘अंदाजाने दाखवा’ असे म्हटल्यावर तो त्या बाजूच्या प्रकाशबिंदूकडे बऱ्याच अचूकतेने बोट दाखवी. जाणिवेविना घडणाऱ्या या पाहण्याला ‘अंधदृष्टी’ अशा अर्थाची संज्ञा देण्यात आली. प्राथमिक दृष्टिबाह्यकाला वळसा घालून जाणारे काही चेतामार्ग शिल्लक राहतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

नकाशा काढणे आणि रुग्णाला पुन्हा उभे करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. दुसऱ्या कार्याचा पाया जर्मनीत घातला गेला. कोलोन येथे वॉल्टर पॉपेलरॉयटर यांनी मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांच्या दृष्टिदोषांचा सविस्तर अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. फलकावर विखुरलेल्या वस्तूंमधून एखादी वस्तू शोधण्यास लागणारा वेळ मोजणे, ही त्यांची पद्धत पुढील काळातील शोध-प्रशिक्षणाची पूर्वसूरी ठरली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून म्युनिक येथे योझेफ त्सील यांनी हे काम शास्त्रशुद्ध प्रयोगांच्या पातळीवर नेले.

निदान आणि एकपार्श्व दुर्लक्ष

पुनर्वसनाची पहिली पायरी दोष ओळखणे ही होय. सहा मीटरवरील अक्षरतक्ता केवळ मध्यवर्ती दृष्टीची तीक्ष्णता मोजतो. दृष्टिक्षेत्राविषयी तो काही सांगत नाही. त्यासाठी रुग्णास समोर बसवून त्याची नजर तपासनिसाच्या डोळ्यावर स्थिर ठेवावयाची, एक डोळा झाकावयाचा आणि चारही बाजूंना बोटे हलवून किंवा मोजावयास सांगून पाहावयाचे, अशी साधी तपासणी कोणत्याही बिनखर्चाच्या ठिकाणी करता येते. नेमक्या मोजमापासाठी संगणकीय दृष्टिक्षेत्रमापन आवश्यक असते. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची अशी तपासणी व्हावयास हवी.

निदान करताना अर्धांधता आणि एकपार्श्व दुर्लक्ष यांत भेद करणे अगत्याचे असते. दुर्लक्षाच्या विकारात दोष पाहण्याचा नसून अवधानाचा असतो. बहुधा मेंदूच्या उजव्या अर्धगोलाच्या इजेनंतर तो उद्भवतो. असा रुग्ण ताटाच्या डाव्या बाजूचे अन्न तसेच ठेवतो, डाव्या गालाची दाढी करावयाची विसरतो, घड्याळाचे चित्र काढताना सर्व आकडे उजवीकडे दाटीने लिहितो आणि आपले काही चुकते आहे हे त्याला पटत नाही. केवळ अर्धांधता असलेला रुग्ण दोष लक्षात आल्यावर मान व डोळे वळवून त्याची भरपाई करू पाहतो. दुर्लक्षाचा रुग्ण आपणहून तसे करीत नाही. दोन्ही विकार एकत्र असल्यास प्रथम अवधानाकडे लक्ष पुरवावे लागते. या भेदाकडे काणाडोळा झाल्यास उत्तम प्रशिक्षणही निष्फळ ठरते.

स्वाभाविक सुधारणा आणि काळाचे महत्त्व

इजेनंतरच्या प्रारंभीच्या काळात मेंदूची सूज उतरते, अंशतः बाधित पेशी पुन्हा कार्यरत होतात आणि दृष्टिक्षेत्र काही प्रमाणात आपोआप सुधारते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६३ अर्धांधतांच्या पाठपुराव्यात सुमारे ३८ टक्के प्रकरणांत अशी स्वाभाविक सुधारणा आढळली. पहिल्या महिन्यात तपासणी झालेल्यांत सुधारणेची शक्यता निम्म्याहून अधिक होती. सहा महिन्यांनी ती सुमारे २० टक्क्यांवर आली. बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत झाली. सहा महिन्यांनंतरच्या सुधारणेकडे सावधपणे पाहावे, असा इशारा या अभ्यासाने दिला. कारण पुष्कळदा रुग्ण तपासणीस सरावल्याने किंवा मूळ आजार आटोक्यात आल्याने ती तशी भासते.

या माहितीचे दोन व्यावहारिक अर्थ निघतात. पहिला असा की, लवकर निदान झालेच पाहिजे. दुसरा असा की, सुरुवातीच्या तीन महिन्यांत कोणताही उपचार घेतला आणि दृष्टी सुधारली, तर ते श्रेय त्या उपचाराचेच आहे असे मानता येत नाही. तुलनेसाठी उपचार न मिळालेला गट नसेल, तर अशा यशोगाथांना शास्त्रीय मूल्य नसते.

पुनर्वसनाचे तीन मार्ग

अ) भरपाईचे प्रशिक्षण

या मार्गात अंध क्षेत्र तसेच राहील हे गृहीत धरून डोळ्यांच्या हालचाली सुधारल्या जातात. अर्धांधतेचे अनेक रुग्ण अंध बाजूकडे लहान लहान, अडखळत्या झेपा घेत पाहतात. त्यामुळे त्या बाजूचे दृश्य त्यांना तुकड्यातुकड्यांत व उशिरा कळते. प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात अंध बाजूकडे एकच मोठी, वेगवान झेप घेण्याचा सराव करविला जातो. दुसऱ्या टप्प्यात विखुरलेल्या चिन्हांमधून ठरावीक चिन्ह क्रमवार शोधावयास शिकविले जाते. तिसऱ्या टप्प्यात हे कौशल्य स्वयंपाकघर, जिना, बाजारपेठ व रस्ता येथे वापरून पाहिले जाते. हा अखेरचा टप्पा वगळल्यास पडद्यावरील प्रगती पडद्यापुरतीच राहण्याचा धोका असतो.

ब्रिटनमध्ये फिओना रो व सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ८७ रुग्णांवर केलेली यादृच्छिक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला लोलकयुक्त चष्मे, दुसऱ्याला सहा आठवडे रोज किमान अर्धा तास शोध-प्रशिक्षण आणि तिसऱ्याला केवळ माहिती देण्यात आली. दृष्टिक्षेत्राच्या आकारात तिन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. तथापि शोध-प्रशिक्षण घेतलेल्या गटाच्या दृष्टिविषयक जीवनमानात सुधारणा दिसली. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात २० अभ्यास तपासण्यात आले. भरपाईच्या प्रशिक्षणाने जीवनमान सुधारू शकते, परंतु हा पुरावा अद्याप कमी दर्जाचा आहे आणि इतर निकषांवर लाभ सिद्ध झालेला नाही, असा त्याचा संयत निष्कर्ष आहे. उपलब्ध मार्गांत हा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा व कमी अपायकारक आहे, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

आ) प्रकाशीय साधने

लोलकातून जाताना प्रकाश वळतो. या गुणधर्माचा उपयोग करून अंध बाजूच्या दृश्याची प्रतिमा दिसणाऱ्या क्षेत्रात आणता येते. बॉस्टन येथील एली पेली यांनी २००० मध्ये मांडलेल्या रचनेत अंध बाजूच्या भिंगाच्या वरच्या व खालच्या भागावर लोलकपट्ट्या बसविल्या जातात आणि मधला भाग मोकळा ठेवला जातो. त्यामुळे समोरचे स्पष्ट दिसत राहते आणि कडेने येणारा अडथळा सूचनेच्या स्वरूपात जाणवतो. दृष्टिक्षेत्राचा हा विस्तार सुमारे २० अंशांचा असतो व चष्मा घातलेला असेपर्यंतच टिकतो.

वरील ब्रिटिश चाचणीत लोलकांच्या गटातील सुमारे ६९ टक्के रुग्णांनी डोकेदुखीसारख्या त्रासाची तक्रार केली. शोध-प्रशिक्षणाच्या गटात हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. म्हणून लोलक सरसकट सर्वांना देण्याऐवजी चालण्याफिरण्यात अडचण असलेल्या, बौद्धिकदृष्ट्या सक्षम व सराव करण्यास तयार असलेल्या रुग्णांना चाचणीदाखल देणे इष्ट ठरते.

इ) गमावलेल्या क्षेत्राची पुनःस्थापना

तिसरा मार्ग सर्वांत आकर्षक व सर्वांत वादग्रस्त आहे. मॅग्डेबुर्ग येथील एरिख कास्टेन, बर्नहार्ड साबेल व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये संगणकाधारित प्रशिक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाने रोज एक तास याप्रमाणे सहा महिने अंध क्षेत्राच्या सीमेवरील प्रकाशबिंदूंना प्रतिसाद द्यावयाचा असे त्याचे स्वरूप होते. मेंदूतील इजेच्या रुग्णांत दृष्टिक्षेत्राची सीमा सरासरी सुमारे ५ अंशांनी सरकल्याचे नोंदविले गेले. या पद्धतीच्या व्यावसायिक उपकरणाला २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची विक्रीची मुभा मिळाली.

२००५ मध्ये ट्युबिंगेन येथील संशोधकांनी या दाव्याची कठोर पडताळणी केली. तपासणी चालू असताना रुग्णाची नजर खरोखर स्थिर आहे की नाही, हे त्यांनी दृष्टिपटलाचे लेसरद्वारे निरीक्षण करून पाहिले. नजरेवर असे नियंत्रण ठेवल्यानंतर प्रशिक्षणापूर्वीची व नंतरची सीमा जवळजवळ तीच आढळली. प्रशिक्षणाच्या काळात रुग्ण नकळत अंध बाजूकडे सूक्ष्म नजर वळवावयास शिकत असावेत, असा तर्क त्यावरून पुढे आला. तसे असल्यास लाभ खोटा ठरत नाही, परंतु त्याचे कारण बदलते : ती पुनःस्थापना नसून भरपाई ठरते. दीर्घ व खर्चिक उपचार घेणाऱ्या रुग्णाला हा भेद सांगितला जाणे, हा त्याचा हक्क आहे.

संशोधन येथे थांबलेले नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात क्रिस्टल हक्सलिन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले की, अंध क्षेत्रातील एका ठरावीक जागी हलत्या ठिपक्यांची दिशा ओळखण्याचा दीर्घ सराव केल्यास त्या जागेपुरती ती क्षमता पुन्हा येऊ शकते. रिडॉक यांच्या शतकापूर्वीच्या निरीक्षणाशी या निष्कर्षाचे नाते उघड आहे. याच गटाच्या २०२० मधील अभ्यासानुसार पहिल्या तीन महिन्यांत अनेक रुग्णांच्या अंध क्षेत्रात काही क्षमता शिल्लक असतात, त्या काळातील सरावाचा परिणाम अधिक जलद होतो आणि सरावाअभावी त्या क्षमता ओसरतात. तथापि जुन्या दोषाच्या रुग्णांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत गतिविषयक प्रशिक्षणाने नेहमीच्या दृष्टिक्षेत्रमापनात अपेक्षित सुधारणा दाखविली नाही. यावरून हा मार्ग आशादायक असला तरी अद्याप संशोधनाच्या अवस्थेत आहे, असेच म्हणावे लागते.

वाचनावरील परिणाम

सुशिक्षित रुग्णाला सर्वाधिक जाचणारी हानी वाचनाची असते. वाचताना डोळे ओळीवरून सरकत नाहीत. ते थांबत थांबत झेपा घेतात. प्रत्येक थांब्यावर वाचक पुढील मजकुराची काही अक्षरे आगाऊ टिपत असतो. इंग्रजी वाचकांवरील प्रयोगांत ही कक्षा डावीकडे ३ ते ४ अक्षरे व उजवीकडे सुमारे १५ अक्षरे इतकी आढळली. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रू लिपीच्या वाचकांत तिचा कल डावीकडे असतो. म्हणून डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यास उजव्या बाजूची अर्धांधता अधिक त्रासदायक ठरते. हाच न्याय लावल्यास मराठी वाचकाला उजवी बाजू गमावणे आणि उर्दू वाचकाला डावी बाजू गमावणे अधिक महागात पडेल, हे उघड आहे.

उजवी बाजू गेलेला वाचक शब्दांचे शेवट गाळतो, तर डावी बाजू गेलेला वाचक शब्दांचे आरंभ गाळतो व नव्या ओळीची सुरुवात चुकतो. मराठीत शब्दाचा शेवट म्हणजे बहुधा विभक्तीचा प्रत्यय. ‘घरात’, ‘घराला’ व ‘घरातून’ यांतील भेद शेवटच्या अक्षरांवरच उभा आहे. तो निसटला की वाक्याचा अन्वय बिघडतो. उलटपक्षी ‘अन्याय’ या शब्दाचा आरंभ निसटला की ‘न्याय’ उरतो आणि अर्थ उलटा होतो. संख्यांच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. ४५८२ या संख्येचा पहिला अंक हरविला तर ५८२ ही निर्दोष वाटणारी संख्या हाती येते आणि चूक झाल्याचा संशयही येत नाही.

या दोषावरील उपाय साधे आहेत. डावी बाजू गेलेल्या वाचकासाठी समासाच्या कडेला रंगीत उभी रेघ ओढावी आणि रेघ दिसेपर्यंत नजर मागे न्यावयाची, असा नियम घालावा. ओळीखाली पट्टी धरावी. उजवी बाजू गेलेल्या वाचकासाठी शब्द संपेपर्यंत नजर पुढे नेण्याचा सराव करवावा. पडद्यावर उजवीकडून डावीकडे सरकणाऱ्या मजकुराचे वाचन हा या प्रशिक्षणाचा चाचण्यांत उपयुक्त ठरलेला प्रकार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यावर आधारित संगणकीय प्रशिक्षण तयार करण्यात आले आणि २०१२ मधील अभ्यासात उजव्या अर्धांधतेच्या रुग्णांचा वाचनवेग त्यामुळे वाढल्याचे दिसले. देवनागरी मजकुरासाठी असे प्रशिक्षण सिद्ध करणे, हा मराठी भाषाशास्त्र, मानसशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांना एकत्र आणू शकणारा उपयुक्त संशोधनविषय आहे.

महाविद्यालयीन संदर्भ

दुचाकीच्या अपघातातून बचावलेला विद्यार्थी किंवा पक्षाघातानंतर कामावर रुजू झालेला सहकारी हे महाविद्यालयीन जीवनातील अपरिचित दृश्य नाही. बोलणे-चालणे पूर्ववत झालेल्या अशा व्यक्तीच्या अडचणींमागे दृष्टिक्षेत्राचा दोष असू शकतो, हे अध्यापकांनी ध्यानी घ्यावयास हवे. प्रश्नपत्रिकेतील एका बाजूचे प्रश्न वगळले जाणे, गणितातील रकान्यांची सरमिसळ होणे, फळ्यावरील अर्धेच वाक्य उतरवून घेतले जाणे, एका बाजूने आलेल्या माणसाला प्रतिसाद न मिळणे ही त्याची बोलकी लक्षणे आहेत. अशा वेळी दृष्टिक्षेत्र तपासून घेण्याचा सल्ला देणे, एवढेही मोठे साह्य ठरते.

वर्गातील आसनव्यवस्था हा बिनखर्चाचा उपाय आहे. उजवी बाजू न दिसणाऱ्या विद्यार्थ्यास फळ्याकडे तोंड करून बसल्यावर वर्गाच्या उजव्या टोकाला जागा द्यावी, म्हणजे फळा, अध्यापक व सहाध्यायी त्याच्या दिसणाऱ्या डाव्या बाजूस येतात. डावी बाजू न दिसणाऱ्यास याच्या उलट जागा द्यावी. अरुंद स्तंभातील मोठ्या टायपातील मजकूर, ओळींमधील पुरेसे अंतर आणि अधिक वेळ यांचाही उपयोग होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या करताना दृष्टीच्या तीक्ष्णतेबरोबरच दृष्टिक्षेत्राच्या मर्यादेचाही, ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत, स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणून केवळ तक्त्यावरील ६/६ या नोंदीवर न थांबता दृष्टिक्षेत्रमापनाचा अहवाल घेणे रुग्णाच्या हिताचे असते. याच अधिनियमातील वाजवी सोयीचे तत्त्व शैक्षणिक संस्थांनाही लागू होते. वाहन चालविण्याच्या प्रश्नात मात्र सहानुभूतीपेक्षा सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे लागते. ब्रिटनमध्ये खासगी मोटार चालविण्यासाठी किमान १२० अंशांचे आडवे दृष्टिक्षेत्र आवश्यक मानले जाते. पूर्ण अर्धांधतेत ते उरत नाही. दृष्टिक्षेत्राची तपासणी व तज्ज्ञांचा स्पष्ट अभिप्राय याशिवाय अशा व्यक्तीने दुचाकीसुद्धा हाती घेऊ नये.

निष्कर्ष

१. मेंदूच्या इजेनंतरचा दृष्टिलोप डोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीतून निसटतो. पक्षाघात व डोक्याची इजा झालेल्या प्रत्येक रुग्णाचे दृष्टिक्षेत्र तपासले जाणे आवश्यक आहे.

२. पहिले तीन महिने स्वाभाविक सुधारणेचे असतात. या काळातील सुधारणेचे श्रेय एखाद्या उपचाराला देताना सावधगिरी बाळगावी.

३. उरलेल्या दृष्टीचा सुसूत्र वापर शिकविणारे शोध व वाचन प्रशिक्षण आज सर्वांत व्यवहार्य आहे. लोलक निवडक रुग्णांना उपयोगी पडतात. गमावलेल्या क्षेत्राची पुनःस्थापना अद्याप संशोधनाचा विषय आहे व तसे रुग्णाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

४. मराठी वाचनाच्या पुनर्वसनासाठी देवनागरी लिपी व मराठीची प्रत्ययव्यवस्था ध्यानी घेऊन साधने निर्माण होण्याची गरज आहे.

अर्धे जग दृष्टीआड झालेल्या माणसाला ते परत देण्याचे खात्रीचे साधन शास्त्राजवळ आज नाही. त्या अर्ध्या जगाकडे वेळेवर नजर वळविण्याची सवय मात्र त्याला लावता येते, आणि तीवर त्याचे वाचन, रोजगार व रस्त्यावरील सुरक्षितता अवलंबून असते. त्यासाठी महागड्या यंत्रसामग्रीपेक्षा वेळेवर झालेले निदान, नियमित सराव आणि भोवतालच्या माणसांची जाण यांचीच अधिक आवश्यकता आहे.